पुण्याची खुर्ची कोणाची? : एका लोकसभा मतदारसंघाची गोष्ट

आजचा विषय तसा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पुण्यात कुठल्याही कट्ट्यावर, अमृततुल्यात, रिक्षाच्या रांगेत निवडणुकीचा विषय निघाला की एक शब्द हमखास येतो : बालेकिल्ला. पुणे अमक्या पक्षाचा बालेकिल्ला, कसबा तमक्याचा बालेकिल्ला. गंमत अशी की चाळीस वर्षांपूर्वी हाच शब्द दुसऱ्या पक्षाबद्दल वापरला जात होता आणि तितक्याच ठामपणे. तर आज आपण हा शब्द तपासून बघू. पुणे लोकसभा मतदारसंघाचा १९५२ पासूनचा मतदानाचा इतिहास त्याला दुजोरा देतो का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मी शेवटाकडे घेणार आहे. या मतदारसंघाची लोकसभेतली खुर्ची अलीकडेच तब्बल चौदा महिने रिकामी होती, आणि आपल्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. असं का?

सुरुवातीपासून सुरुवात करू. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची. तेव्हा आजच्यासारखा एक पुणे मतदारसंघ नव्हता. 'पुणे मध्य' आणि 'पुणे दक्षिण' असे दोन होते. पुणे मध्यमधून काँग्रेसचे काकासाहेब गाडगीळ निवडून आले आणि पुणे दक्षिणमधून काँग्रेसच्याच इंदिराबाई मायदेव. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

त्या वेळी मतदान कसं व्हायचं? प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नाही, आपल्या माणसाच्या पेटीत ती नुसती टाकायची. काँग्रेसची पेटी बैलजोडीची. आमची आजी सांगायची, की पडद्यामागे गेल्यावर तिला पहिल्यांदा देव्हाऱ्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. पुढे ती हसून म्हणायची, "फरक एवढाच, की इथे कुणाला नको म्हणायचं हे आपल्या हातात होतं."

काकासाहेब गाडगीळ म्हणजे साधं नाव नव्हे. नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती सांभाळलेले. त्याआधी, स्वातंत्र्यपूर्व काळात, पुण्यातली काँग्रेस खऱ्या अर्थाने लोकांची झाली ती गाडगीळ आणि केशवराव जेधे यांच्या जोडीमुळे. एक ब्राह्मण वकील, दुसरे ब्राह्मणेतर चळवळीतून आलेले. पेठांमध्ये जे दोन समाज एकमेकांकडे संशयाने बघत होते, त्यांना या जोडीने एका मांडवाखाली आणलं. म्हणजे पुण्यात काँग्रेसचा पाया घातला तो एका बेरजेने. ही 'बेरीज' आज पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता १९५७. ही पुण्याच्या मतदारसंघाची पहिली मोठी उलथापालथ. राज्य पुनर्रचनेत मुंबईसह महाराष्ट्र मिळाला नाही, आणि मराठी मुलूख पेटला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी इथेच, पुण्यात, टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी तिचे सरचिटणीस. या समितीत कोण होतं? प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, आणि जनसंघ, हिंदू महासभासुद्धा! एरवी एका सतरंजीवर बसणार नाहीत अशी ही माणसं.

समितीने पुण्यात लोकसभेसाठी उमेदवार दिला नानासाहेब गोरे. नानासाहेब १९५५ मध्ये गोव्यात सत्याग्रहींची तुकडी घेऊन गेले होते. पोर्तुगीजांनी त्यांना पकडून दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. ते सुटले १९५७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे निवडणूक अगदी दारात असताना. तुरुंगातून थेट प्रचारात.

समोर होते काकासाहेब गाडगीळ. आणि खरी शोकांतिका इथे आहे. काकासाहेब संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधात नव्हतेच. लोकसभेत मुंबईसाठी जे भाषण त्यांनी केलं, ते पुणेकर विसरले नव्हते. हा प्रश्न लोकसभेत सुटला नाही तर तो मुंबईच्या रस्त्यावर सुटेल, अशा आशयाचं ते बोलले होते. पण उभे राहिले बैलजोडीवर. पुण्याने माणसाचा आदर राखला आणि चिन्हाला पाडलं. मंत्रिपद भूषवलेला, पुण्याच्या काँग्रेसचा एक शिल्पकार पडला आणि नानासाहेब लोकसभेत गेले. पाच वर्षांपूर्वीचा 'बालेकिल्ला' गेला.

मग तो समाजवाद्यांचा बालेकिल्ला झाला का? नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि ज्या कारणाने ती सगळी माणसं एकत्र आली होती ते कारणच संपलं. समिती विस्कटली, प्रजासमाजवादी बाहेर पडले. १९६२ मध्ये पुण्यातून निवडून आले काँग्रेसचे शंकरराव मोरे. हे मोरे कोण? काँग्रेसमधून फुटून शेतकरी कामगार पक्ष काढणाऱ्यांपैकी एक! १९५२ मध्ये ते सोलापुरातून शेकापचे खासदार होते. आता काँग्रेसच्या तिकिटावर पुण्यातून. पक्षांतर हा आजचा शोध आहे, असं समजणाऱ्यांनी हे जरूर टिपून ठेवावं.

१९६७ मध्ये परत फिरलं. संयुक्त समाजवादी पक्षाचे एस. एम. जोशी पुण्याचे खासदार झाले. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या बहुतेक जागा काँग्रेसकडे गेल्या होत्या, पण पुण्याने राज्याबरोबर जायचं नाकारलं. साधी राहणी, धोतर, खादी, सायकलवर फिरणारे कार्यकर्ते आणि शहरातल्या कामगार संघटना, हे एस. एम. यांचं भांडवल.

१९७१ मध्ये इंदिरा गांधींची लाट. पुण्याने काँग्रेसचे मोहन धारिया निवडले. धारिया 'तरुण तुर्क' म्हणून ओळखले जाणाऱ्या गटातले. केंद्रात राज्यमंत्री झाले. १९७५ च्या मार्चमध्ये, जयप्रकाशजींशी बोलणी करा असं जाहीरपणे म्हणाल्याबद्दल त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. पुढे आणीबाणी लागली, ते तुरुंगात गेले. १९७७ मध्ये ते जनता पक्षाकडून उभे राहिले आणि पुण्याने त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. सलग दोन निवडणुका, माणूस तोच, पक्ष आणि चिन्ह दोन्ही उलटे. आता मला सांगा, १९७१ ते १९८० या काळात पुणे कोणाचा बालेकिल्ला होतं?

१९८० ला चक्र पूर्ण फिरलं. काँग्रेसचे विठ्ठलराव गाडगीळ, म्हणजे काकासाहेबांचे चिरंजीव, निवडून आले. वडील हरले बैलजोडीवर, मुलगा जिंकला हाताच्या पंजावर. १९८०, १९८४ आणि १९८९ अशा सलग तीन निवडणुका विठ्ठलराव जिंकले. त्याआधी आणि त्यानंतरही कुणी पुण्यातून सलग तीनदा निवडून आलेलं नाही. 'पुणे म्हणजे काँग्रेसचा बालेकिल्ला' हे वाक्य या काळातलं.

आणि इथून पुढचा दशकभराचा काळ तर माझ्या मते सगळ्यात मजेशीर आहे.

१९९१ ची निवडणूक. प्रचार चालू असताना राजीव गांधींची हत्या झाली. महाराष्ट्रात सहानुभूतीची लाट आली आणि ४८ पैकी ३८ जागा काँग्रेसने जिंकल्या. पुण्यात? पुण्यात भाजपचे अण्णा जोशी निवडून आले आणि विठ्ठलराव पडले. १९९६ ला राज्यात वारा बरोबर उलटा. भाजप-शिवसेना युतीने ४८ पैकी ३३ जागा घेतल्या. पुण्यात? काँग्रेसचे सुरेश कलमाडी जिंकले, भाजपचे गिरीश बापट हरले. म्हणजे सलग दोन निवडणुकांत पुण्याने राज्याच्या बरोबर उलट कौल दिला. आता याला पुणेरी स्वभाव म्हणायचं का, हे मी तुमच्यावर सोडतो. (हशा)

१९९८ तर कळसच. कलमाडींना काँग्रेसने तिकीट दिलं नाही. ते अपक्ष उभे राहिले, आणि त्यांना पाठिंबा कुणाचा? ज्यांना दोन वर्षांपूर्वी त्यांनी हरवलं त्या भाजप-शिवसेनेचा! पुणेकरांनी हे गणित साफ फेटाळलं आणि काँग्रेसचे विठ्ठल तुपे निवडून दिले. एक वर्षात लोकसभा बरखास्त. १९९९ मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली, काँग्रेसची मतं दोन ठिकाणी वाटली गेली आणि भाजपचे प्रदीप रावत जिंकले. २००४ ला दोन्ही काँग्रेस पुन्हा एकत्र, कलमाडी पुन्हा काँग्रेसचे, आणि पुन्हा खासदार.

आता हे सगळे निकाल एका ओळीत ठेवून बघा. १९५७ ला विरोधकांची बेरीज झाली, काँग्रेस पडली. १९६२ ला बेरीज मोडली, काँग्रेस आली. १९७७ ला पुन्हा बेरीज. १९९९ ला काँग्रेसचीच वजाबाकी. २००४ ला तिची बेरीज. बऱ्याच वेळा पुणेकर कुठल्या विचाराचे झाले हा प्रश्न कमी आणि कोण कोणाबरोबर उभं राहिलं हा प्रश्न जास्त होता. किल्ला म्हटलं की तट आले, बुरूज आले, काहीतरी न हलणारं आलं. ही जागा तशी नाही. मुठा नदीसारखी म्हणा हवं तर. पात्र तेच, पाणी धरणातून कुणी कधी सोडलं त्यावर सगळं.

२००९ मध्ये आणखी एक गोष्ट बदलली, जिच्याबद्दल आपण कमी बोलतो : नकाशा. २००८ च्या पुनर्रचनेत भवानी पेठ आणि बोपोडी हे जुने विधानसभा मतदारसंघ गेले. कोथरूड आणि वडगाव शेरी नव्याने आले. आज पुणे लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ आहेत : कसबा पेठ, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि वडगाव शेरी. पण पुणे शहर एवढंच आहे का? नाही. हडपसर शिरूरच्या खासदाराला मत देतं, धायरी-सिंहगड रस्त्याकडचा खडकवासला मतदारसंघ बारामतीच्या. एकाच महापालिकेची पट्टी भरणारे लोक तीन खासदार निवडतात. तेव्हा 'पुणे काय म्हणतंय' असं कुणी म्हटलं की आधी विचारावं, कुठलं पुणे? पूर्वी निकाल पेठा ठरवायच्या, आता सोसायट्यांचं वजन वाढलं आहे.

२००९ चा निकालही शिकण्यासारखा आहे. कलमाडी भाजपच्या अनिल शिरोळे यांच्यापेक्षा सुमारे २५ हजार मतांनी पुढे राहिले. पण मनसेच्या उमेदवाराने त्याच्या दुपटीहून जास्त मतं घेतली होती आणि बसपनेही पुण्यात कधी नव्हे एवढी. मतदान किती? सुमारे ४१ टक्के. मतदार होते अठरा लाखांच्या आसपास, आणि विजयी उमेदवाराला मतं पडली दोन लाख ऐंशी हजार. शंभर पुणेकर मतदारांपैकी पंधरा-सोळा जणांनी खासदार निवडला. बाकीच्यांपैकी बहुतेक घरी होते.

२०१४ पासून चित्र एका बाजूला झुकलं. शिरोळे तीन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. २०१९ ला गिरीश बापट सुमारे सव्वातीन लाखांनी. आता मात्र, तुम्ही म्हणाल, बालेकिल्ला झालाच की! तर याला उत्तर दिलं कसब्याने.

कसब्याची गोष्ट थोडी मागून सांगतो. १९९१ ला कसब्याचे आमदार अण्णा जोशी खासदार झाले, जागा रिकामी झाली. पोटनिवडणुकीत भाजपने बापटांना उभं केलं आणि ते हरले, काँग्रेसचे वसंत थोरात जिंकले. पुढे १९९५ पासून बापट त्याच कसब्यातून सलग पाच वेळा निवडून आले. त्यांच्यानंतर मुक्ता टिळक. त्यांच्या निधनानंतर २०२३ च्या सुरुवातीला पुन्हा पोटनिवडणूक. बापट तेव्हा खूप आजारी होते, तरी नाकात प्राणवायूची नळी घालून, चाकाच्या खुर्चीवरून ते कार्यकर्त्यांच्या मेळाव्याला आले. २ मार्चला निकाल लागला. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर दहा हजारांहून अधिक मतांनी जिंकले. विरोधक एकत्र होते, उमेदवार गल्लीतल्या माणसाच्या ओळखीचा होता. तीच जुनी बेरीज. आणि २९ मार्चला बापट गेले.

इथून माझा दुसरा प्रश्न सुरू होतो.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १५१ क हे कलम सांगतं, की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी. अपवाद दोन : उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर, किंवा त्या वेळेत निवडणूक घेणं कठीण आहे असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं तर. बापट गेले तेव्हा लोकसभेची मुदत वर्षाहून जास्त शिल्लक होती. तरीही पोटनिवडणूक झाली नाही. आयोगाचं म्हणणं, यंत्रणा इतर निवडणुकांत गुंतली आहे आणि निवडून येणाऱ्याला फार कमी काळ मिळेल. पुण्यातल्या एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. १३ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने ही कारणं अमान्य केली आणि ताबडतोब निवडणूक घ्या असा आदेश दिला. मतदारांना प्रतिनिधीविना ठेवता येणार नाही, हा त्याचा गाभा. पण जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. शेवटी १३ मे २०२४ ला मतदान, ४ जूनला निकाल. चौदा महिने पुण्याला खासदार नव्हता.

जगात सगळीकडे असं होत नाही. ग्रीसचं उदाहरण घ्या. तिथे एकेका मतदारसंघातून साधारणपणे अनेक खासदार, पक्षांच्या याद्यांवरून निवडले जातात. एखादा खासदार गेला, तर त्याच पक्षाच्या यादीतला पुढचा उमेदवार जागा घेतो. पोटनिवडणुकीची वेळ क्वचितच येते. आपली पद्धत वेगळी, एक मतदारसंघ, एक माणूस. तिचे फायदे आहेत, खासदार कोण हे रिक्षावाल्यालाही माहीत असतं. पण मग तो एक माणूस गेला की मतदारसंघ मुका होतो. म्हणून तर सहा महिन्यांचं बंधन कायद्यात घातलं आहे.

त्या चौदा महिन्यांत काय झालं? एकच सांगतो. २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत महिला आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं. बाजूने ४५४ मतं, विरोधात २. सावित्रीबाईंच्या, रमाबाईंच्या, कर्व्यांच्या पुण्याचं मत त्यात नाही. विरोधात नाही, बाजूने नाही, तटस्थही नाही. नाहीच. आणि मघाशी एक नाव लक्षात ठेवायला सांगितलं होतं, इंदिराबाई मायदेव, १९५२, पुणे दक्षिण. त्यानंतर आजतागायत पुणे या मतदारसंघातून एकही स्त्री लोकसभेत गेलेली नाही. ज्या विषयावर या शहराने बोलायलाच हवं होतं, नेमकी त्याच दिवशी आपली खुर्ची रिकामी.

आणि आपण काय केलं? एक जण न्यायालयात गेला. बाकी मोर्चा नाही, सह्यांची मोहीम शहरभर फिरली असंही नाही. ज्या गावात पाण्याच्या पाळीवरून, पार्किंगवरून वर्तमानपत्रात महिनाभर पत्रव्यवहार चालतो, त्या गावात.

२०२४ ला भाजपचे मुरलीधर मोहोळ १ लाख २३ हजार मतांनी जिंकले, केंद्रात राज्यमंत्री झाले. समोर तेच धंगेकर होते. राज्यात महाविकास आघाडीला ३० जागा मिळाल्या, पुण्याने पुन्हा वेगळा कौल दिला. आघाडी मात्र सव्वातीन लाखांवरून सव्वा लाखावर आली. मतदान झालं साडेत्रेपन्न टक्के. मतदार वीस लाखांहून जास्त. म्हणजे नऊ लाखांहून अधिक पुणेकर घरी राहिले. विजयी उमेदवाराची मतं पाच लाख पंच्याऐंशी हजारांच्या घरात. आकडा नीट ऐका : पुण्यातला सगळ्यात मोठा पक्ष घरी बसणाऱ्यांचा आहे, आणि तो कुठलीही निवडणूक न लढवता दर वेळी पहिला येतो.

म्हणून शेवटी एवढंच म्हणतो. पुणे कधीच कुणाचा बालेकिल्ला नव्हतं. काकासाहेबांचं नव्हतं, एस. एम. यांचं नव्हतं, विठ्ठलरावांचं, कलमाडींचं नव्हतं, आणि आजच्यांचंही आपोआप नाही. बहात्तर वर्षांचा हिशेब तेच सांगतो. पण 'बालेकिल्ला' हा शब्द आपल्याला सोयीचा आहे. किल्ला दुसऱ्याचा म्हटला की राखायची जबाबदारीही त्याची, आपण पायथ्याशी राहणारी माणसं. मग किल्लेदार नसला तरी आपलं काही अडत नाही.

खुर्ची मुळात आपली आहे. तिच्यावर कोण बसलं यावर आपण भांडतो, भांडलंच पाहिजे. पण ती रिकामी राहिली तर पहिला आवाज आपला निघाला पाहिजे. आमच्या आजीला पहिल्या निवडणुकीत, त्या पेट्यांसमोर उभं राहिल्यावर, जे कळलं होतं ते एवढंच होतं.

आता प्रश्न घेऊ या.